पेला आपोआप भरणारं यंत्र: आधी नळी, मग कोड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाणी, फळांचा रस आणि गोड सिरप अशा तीन बाटल्या तुम्ही उंचावर ठेवल्या आहेत. प्रत्येकीखाली १२ व्होल्टचा अर्धा इंची सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारी झडप) आहे, ते चालवायला चार रिलेंचं (विजेने चालणाऱ्या स्विचांचं) मॉड्यूल आहे आणि डोकं म्हणून आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड. बटण दाबलं की तिन्ही द्रव ठरलेल्या प्रमाणात पेल्यात यायला हवेत. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह ‘टक्’ वाजतो, पण धार येत नाही, नुसतं ठिबकतं. माप दर वेळी वेगळं येतं. शिवाय वीज सुरू करताच सगळे रिले एकदम वाजतात. कोडमध्ये कुठे चुकलं, असं तुम्ही विचारलंय.

तुमचा कोड साधा आहे: पिन चालू, तीन सेकंदांचा डिले, पिन बंद. त्यात सुधारणा हवी आहे आणि ती पुढे सांगतो, पण धार न येण्याशी त्याचा काही संबंध नाही. अशी यंत्रं मी बरीच वर्षं बांधतोय आणि इतरांची अडलेली यंत्रंही उघडून पाहिली आहेत. दोष बहुतेक वेळा द्रवाच्या वाटेवर सापडतो. म्हणून उत्तरही त्याच वाटेने देतो, बाटलीपासून पेल्यापर्यंत.

तुमच्याकडचे व्हॉल्व्ह नळाच्या दाबासाठी बनवलेले असतात. आत एक रबरी पडदा असतो आणि कॉइल, म्हणजे व्हॉल्व्हचा विद्युतचुंबक, तो पडदा स्वतःच्या ताकदीने उचलत नाही. ती फक्त एक बारीक छिद्र उघडते. त्यातून पडद्यावरचं पाणी निसटतं, वरचा दाब उतरतो आणि खालच्या पाण्याचा दाब पडद्याला वर ढकलून वाट मोकळी करतो. म्हणजे जोर लावायचं काम पाणीच करतं. या जातीच्या व्हॉल्व्हना किमान दाब साधारण ०.०२ मेगापास्कल लागतो. तेवढा दाब मिळायला पाण्याची पातळी व्हॉल्व्हच्या जवळपास २ मीटर वर हवी. तुमची बाटली ३० सेंटीमीटर वर असेल, तर मिळणारा दाब त्याच्या सातव्या हिश्शाइतकाच आहे. कॉइल खेचली जाते म्हणून आवाज येतो. पडदा मात्र जागचा हलत नाही.

किमान दाब न लागणारे, थेट उघडणारे व्हॉल्व्हही मिळतात. पण ते लावले तरी मापाची अडचण राहणारच. उंचीवरून पडणाऱ्या द्रवाचा वेग पातळीच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. बाटली भरलेली असताना पातळी तोंडाच्या ३० सेंटीमीटर वर असेल आणि उतरत उतरत साडेसातवर आली, तर धार निम्मी होते. तुमचे तीन सेकंद तेवढेच राहतात आणि पेल्यात अर्धंच पडतं. यावर एक जुना, सुंदर उपाय आहे, मॅरिऑटची बाटली: बाटलीचं तोंड हवाबंद करायचं आणि हवा आत येऊ द्यायची ती फक्त तळाजवळ उघडणाऱ्या एका नळीतून. पातळी त्या नळीच्या टोकाखाली जाईपर्यंत धार एकसारखी राहते. वेळ असेल तेव्हा हा प्रयोग करून बघाच. पण बाटल्या वारंवार बदलायच्या असतील, तर प्रत्येक वेळी बूच हवाबंद बसवणं कटकटीचं होतं.

माझा सल्ला स्पष्ट आहे: व्हॉल्व्ह बाजूला ठेवा आणि पेरिस्टाल्टिक पंप घ्या. बाटल्या वर टांगायची गरजच उरत नाही.

या पंपात फिरणारे रोलर एका मऊ सिलिकॉन नळीला दाबत पुढे सरकतात आणि दोन रोलरांमध्ये सापडलेला द्रव पुढे ढकलला जातो. द्रव फक्त नळीला लागतो. मोटर, धातू, सील यांच्याशी त्याचा संबंध येत नाही. नळी कोरडी असली तरी पंप स्वतःच द्रव ओढून घेतो. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा गुण असा की थांबलेला असताना एक तरी रोलर नळी चिमटून धरतो, त्यामुळे वेगळ्या व्हॉल्व्हशिवायच वाट बंद राहते. प्रत्येक फेरीत ढकललं जाणारं प्रमाण जवळजवळ ठरलेलं असतं, बाटली भरलेली असो की तळाशी गेलेली.

पडदा असलेले छोटे १२ व्होल्टचे डायफ्रॅम पंप मिनिटाला १ ते २ लिटर द्रव फेकतात म्हणून मोहात पाडतात. पण त्यांच्या आतल्या झडपा एकाच दिशेला बंद होतात. बाटलीतली पातळी नळीच्या तोंडापेक्षा वर असेल, तर पंप थांबल्यावरही सायफन सुरू राहतो आणि पेला भरून वाहतो. तो वापरायचाच असेल, तर नळीचं तोंड बाटलीतल्या पातळीपेक्षा नेहमी वर ठेवा. पाण्यात बुडवून ठेवायचे खेळण्यातले पंप पिण्याच्या कामाला अजिबात घेऊ नका. त्यांची मोटर, सील आणि प्लास्टिक सगळं द्रवात बुडालेलं असतं आणि ते कशाचं बनलंय हे कुणी सांगत नाही.

पेरिस्टाल्टिक पंपाची एक मर्यादा आहे: तो हळू चालतो. हिशेबासाठी सेकंदाला १.६ मिली धरू. २०० मिलीच्या पेयात ३० मिली सिरप, ६० मिली रस आणि ११० मिली पाणी असेल आणि पंप एकापाठोपाठ एक चालवले, तर दोन मिनिटांहून जास्त वेळ लागेल. पेला धरून कुणी एवढा वेळ उभं राहत नाही. तिन्ही एकदम सुरू केले, तर पाण्यावर अडतं, सुमारे ७० सेकंद. पाण्याला दोन पंप दिले की सगळं ४० सेकंदांच्या आत उरकतं. चार पंप, तीन बाटल्या: माझ्या मते तुमच्यासाठी हीच रचना योग्य.

आता नळीकडे. नळी अन्नासाठी योग्य अशा सिलिकॉनचीच घ्या. आतला व्यास ४ मिमी असेल, तर एक मीटर नळीत साधारण १२.५ मिली द्रव मावतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण त्याचे दोन परिणाम होतात. पहिला, बाटली नवी लावली की नळी भरायलाच आठ सेकंद जातात आणि त्या पेल्यातलं माप चुकतं. म्हणून ‘नळी भरा’ असं एक वेगळं बटण ठेवा: दाबून धरलं तेवढा वेळच पंप चालेल. दुसरा, रात्रभर नळीत राहिलेला १२ मिली रस सकाळी कुणाच्या तरी पोटात जातो. त्याबद्दल पुढे बोलतो. नळ्या जितक्या आखूड ठेवाल तितकं बरं.

बाटलीच्या बुचाला नळीच्या छिद्राशेजारी हवेसाठी दुसरं बारीक छिद्र पाडा. ते नसेल तर आत निर्वात तयार होतो, प्लास्टिकची बाटली चेपली जाते, प्रवाह मंदावतो आणि माणूस तासन्‌तास कोड तपासत बसतो. रसात गर असेल तर तो गाळून घ्या. वायू मिसळलेली, फसफसणारी पेयं पंपातून नेऊ नका. दाबल्या-सोडल्याने त्यातला वायू सुटतो, नळीत बुडबुडे होतात, पेल्यात फेस येतो आणि मापाचा काही भरवसा राहत नाही. ती शेवटी हाताने ओता.

विजेचा भाग तुलनेने सोपा आहे, पण त्यातल्या तीन-चार गोष्टी चुकल्या तर महागात पडतं. रिलेऐवजी प्रत्येक पंपाला एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, लावा; त्याच्या गेटवर, म्हणजे आदेश घेणाऱ्या टोकावर, ५ व्होल्ट आले की पूर्ण उघडणारा. आयआरएलझेड४४एन चालतो. तयार मॉड्यूलांवर पुष्कळदा आयआरएफ५२० असतो. त्याला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्टच्या आसपास लागतात, ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. उनोच्या पिनमधून गेटला जाताना २०० ओहमच्या आसपासचा एक रेझिस्टर आणि गेटपासून ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) १० किलोओहमचा दुसरा. हा दुसरा रेझिस्टर विसरू नका. उनो चालू होताना किंवा नवा कोड चढत असताना सगळे पिन इनपुट असतात, म्हणजे गेट कुणाच्याच ताब्यात नसतो. माझ्या पहिल्या यंत्रात तो रेझिस्टर नव्हता. कोड चढवत असताना सिरपचा पंप सुरू झाला, खाली पेला नव्हता आणि सिरप टेबलावरून थेट कीबोर्डमध्ये गेलं. तेव्हापासून मी मॉस्फेटच्या आधी तो रेझिस्टर सोल्डर करतो.

तुमच्या रिलेंच्या आवाजाचं कारणही याच्याशी जोडलेलं आहे. ती मॉड्यूलं बहुधा उलट्या तर्काने चालतात: पिन खाली गेला की रिले चालू. पिन आउटपुट केल्याबरोबर तो शून्यावर असतो, म्हणून तुमचा पुढचा आदेश पोचेपर्यंत चारही रिले ओढले जातात. सेटअपमध्ये आधी पिनला ‘हाय’ लिहा आणि मग तो आउटपुट करा. आवाज थांबेल.

मोटर बंद होताना उलटं व्होल्टेज उसळतं, त्यासाठी प्रत्येक पंपाच्या दोन टोकांवर एक डायोड हवा: १एन५८१९ किंवा १एन४००७. पट्टा असलेलं टोक १२ व्होल्टच्या बाजूला. तिथेच मोटरच्या टोकांवर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला, तर डिस्प्लेवर मध्येच उमटणारी विचित्र अक्षरं बहुधा बंद होतात. १२ व्होल्टच्या मुख्य तारांवर ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक बसवा.

असे छोटे पंप चालताना प्रत्येकी ३०० मिलिअँपिअरच्या आसपास घेतात आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. चार पंपांना १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो, पण पंप एकाच क्षणी सुरू न करता सेकंदाच्या दहाव्या भागाच्या अंतराने करा. उनोला ५ व्होल्ट एका बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणाऱ्या छोट्या मॉड्यूलमधून) वेगळे द्या. १२ व्होल्ट थेट त्याच्या गोल सॉकेटमध्ये दिले, तर डिस्प्ले जोडल्यावर बोर्डावरचा रेग्युलेटर चांगलाच तापतो. सगळ्यांचं ग्राउंड मात्र एकच असायला हवं. मॉस्फेट नीट वागत नसेल, तर सगळ्यात आधी हीच जोडणी तपासा.

मापाचं म्हणाल, तर वेळेवरून माप काढणं ही मुळीच कमअस्सल पद्धत नाही. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने वर्णन केलेलं पाणी देणारं यंत्र तसंच होतं: नाणं तरफेच्या टोकावर पडायचं, झडप उघडायची, तरफ कलून नाणं घसरलं की झडप बंद. नाणं घसरायला लागणारा वेळ हेच माप. तुमच्या पंपाचा वेग त्याहून किती तरी स्थिर आहे. फक्त तो मोजून घ्यायला हवा, आणि नीट मोजायला हवा.

बहुतेक लोक एकदाच दहा सेकंद पंप चालवतात, मिळालेल्या मिलीला दहाने भागतात आणि पुढे जातात. त्यात पंपाला वेग पकडायला लागणारा वेळ हिशेबात येत नाही. दोन वेगवेगळ्या वेळा घ्या. नळी भरलेली असू द्या, खाली स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा ठेवा. समजा ५ सेकंदांत ७ ग्रॅम पडले आणि २० सेकंदांत ३१ ग्रॅम. वाढलेले २४ ग्रॅम वाढलेल्या १५ सेकंदांत आले, म्हणजे खरा वेग सेकंदाला १.६ ग्रॅम. या वेगाने ७ ग्रॅमला ४.४ सेकंद पुरले असते, लागले ५. म्हणजे सुरुवातीचे ०.६ सेकंद वाया जातात. सूत्र झालं: हवे असलेले ग्रॅम भागिले १.६, अधिक ०.६. ३० ग्रॅमला १९.४ सेकंद. प्रत्येक मोजणी तीनदा करून सरासरी घ्या.

ही मोजणी प्रत्येक पंपासाठी आणि त्याच्याच द्रवावर करा. पाण्यावर काढलेला आकडा दाट सिरपला लागू होत नाही. दाट द्रव नळीत सावकाश शिरतो आणि प्रत्येक फेरीत कमी ढकलला जातो. आणखी एक सवय लावून घ्या: कृती मिलीत न लिहिता ग्रॅममध्ये लिहा. पाण्याचा १ मिली म्हणजे १ ग्रॅम, पण सिरप त्याहून जड असतं. ग्रॅममध्ये विचार केला की घनतेचा प्रश्नच मिटतो, कारण मोजता तेही ग्रॅम आणि देता तेही ग्रॅम. मिळालेले आकडे उनोच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, साठवा. तिथे १०२४ बाइट आहेत, चार पंपांच्या आकड्यांना भरपूर. वापरून नळी मऊ पडत जाते, तेव्हा अधूनमधून मोजणी पुन्हा करावी लागते. दर वेळी कोड चढवावा लागू नये.

पाण्याचा प्रवाह मोजणारा सेन्सर लावू का, असा विचार मनात येईल. लोकप्रिय वायएफ-एस२०१ मिनिटाला १ ते ३० लिटर प्रवाहासाठी असतो. तुमचा पंप मिनिटाला एक लिटरचा दहावा भागसुद्धा देत नाही. आतलं चक्र फिरणारच नाही.

लोड सेलची गोष्ट वेगळी आहे. १ किलोचा दांड्याचा लोड सेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, पेल्याखाली बसवा आणि त्याचं वाचन उनोला देणारं एचएक्स७११ हे मॉड्यूल त्याला जोडा. पण माप ठरवण्याचं काम त्याला देऊ नका, पहाऱ्याला ठेवा. कारण सांगतो. तिन्ही द्रव एकदम पडत असताना काट्याला फक्त एकूण वजन कळतं, कुठला द्रव किती आला ते कळत नाही. वजनावर थांबायचं तर एकामागून एक ओतावं लागेल आणि आपण वाचवलेला वेळ गेला. शिवाय मॉड्यूल साधारणपणे सेकंदाला १० वेळा वाचतं आणि पंपाच्या थरथरीमुळे चार-पाच वाचनांची सरासरी घ्यावी लागते. थांबण्याचा आदेश अर्धा सेकंद उशिरा निघतो. हळू पंपात त्याने एखाद्या ग्रॅमचा फरक पडतो, डायफ्रॅम पंपात दहा ग्रॅमहून जास्त.

पहारेकरी म्हणून मात्र लोड सेल अप्रतिम आहे. पेला ठेवलाय का? वजन सांगतं. काचेच्या पारदर्शक पेल्यासमोर इन्फ्रारेड सेन्सर वारंवार फसतो; वजन लपत नाही. कुणी मध्येच पेला उचलला? वजन एकदम घसरतं, सगळे पंप बंद. पंप चालू आहेत, पण पाच सेकंदांत वजन वाढलंच नाही? बाटली संपली किंवा नळी निसटली, थांबा आणि दिवा लावा. पेल्यात आधीच काही आहे? रिकाम्या पेल्यापेक्षा वजन जास्त, सुरूच करू नका. एकच पेला ठरवून ठेवला, तर ही शेवटची खूण पक्की ठरते.

आता कोड. डिले काढून टाका. डिलेमध्ये असताना उनो ना बटण वाचतो, ना काटा. तो काही सेकंद आंधळा असतो, आणि नेमके तेच सेकंद पंप चालू असण्याचे. त्याऐवजी यंत्राच्या अवस्था ठरवा: निवांत, पेला तपासणे, ओतणे, थेंब गळू देणे, बिघाड. लूपच्या प्रत्येक फेरीत आधी काटा वाचा, मग प्रत्येक पंपाची वेळ भरली का ते पाहा. मिलिस फंक्शनने मिळणाऱ्या आताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करा आणि ती वजाबाकी लागणाऱ्या वेळेशी ताडून बघा. वेळ साठवणारा चल (व्हेरिएबल) अनसाइन्ड लाँग, म्हणजे ऋण चिन्ह नसलेला मोठा पूर्णांक, असू द्या, म्हणजे सुमारे ५० दिवसांनी तो आकडा परत शून्यावर आला तरी वजाबाकी बरोबर येते. ओतण्याच्या अवस्थेला कमाल वेळ घाला, समजा ६० सेकंद. त्यापुढे काहीही झालं तरी सगळं बंद. वॉचडॉग, म्हणजे कोड अडकला तर उनोला रीसेट करणारा टाइमर, दोन सेकंदांवर ठेवा. कोड कुठे अडकलाच, तर उनो रीसेट होईल आणि गेटवरच्या त्याच १० किलोओहममुळे पंप बंद पडतील. बटणांना इनपुट-पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिन ‘हाय’ धरून ठेवणारी उनोची सोय) वापरा आणि ३० मिलिसेकंद स्थिर राहिलं तरच ते दाबलं असं माना.

याउपर, १२ व्होल्टची तार थेट तोडणारा एक मोठा स्विच समोर, हाताशी ठेवा. तो कोडवर अवलंबून नसावा.

स्वच्छतेबद्दल मी जरा हट्टी आहे. साखर, ओलावा आणि खोलीचं तापमान एकत्र आलं की नळीच्या आत चिकट थर धरायला फार वेळ लागत नाही. यंत्र लोकांना पाजण्यासाठी आहे, हे विसरून चालणार नाही. ‘धुवा’ हे बटण पहिल्या दिवसापासून असू द्या: बाटल्यांच्या जागी कोमट पाण्याची भांडी ठेवायची, प्रत्येक नळीतून दोन-तीनशे मिली जाऊ द्यायचं, मग नळी हवेवर चालवून रिकामी करायची. प्रत्येक वापरानंतर, त्याच दिवशी. आठवड्याने अन्नभांड्यांसाठीचं निर्जंतुक द्रावण फिरवा आणि नंतर पुन्हा पाणी. दूध किंवा दुधाचं काहीही या नळ्यांतून नेऊ नका. त्रिमितीय छपाई केलेले भाग द्रवाला लागतील असे बसवू नका. त्यांच्या थरांमधल्या खाचा घासून निघत नाहीत. आंबट रसाच्या वाटेत पितळी जोडही नको. पंपातली नळी झिजते, तेव्हा ती खराब दिसायची वाट न पाहता बदला. झिजलेल्या सिलिकॉनचे कण द्रवात येतात.

मांडणीत एकच गोष्ट मनात धरा: गळणार आहेच. म्हणून सर्किट बाटल्यांच्या खाली कधीच नको, वर किंवा बाजूला बंद डब्यात हवं. तारा डब्यात शिरण्याआधी खाली झोक देऊन वर घ्या, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब झोकाच्या तळाशी गळून पडेल. घरगुती विजेचा अडॅप्टर यंत्रात बसवू नका, तो दूर सॉकेटलाच राहू द्या. यंत्रात १२ व्होल्टच्या वर काहीही नको.

बांधायला बसाल तेव्हा एकच पंप, एक बाटली, पाणी आणि अडॅप्टर घ्या. उनो नको, मॉस्फेट नको, हाताने तार लावून चालवा आणि वर सांगितलेली मोजणी करा. मग मॉस्फेट, मग उनो, मग काटा. दुसरा पंप त्यानंतर. सगळं जुळल्यावर ५० ग्रॅमचे दहा पेले लागोपाठ भरा आणि प्रत्येकाचं वजन लिहून ठेवा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वजनात २ ग्रॅमपेक्षा अधिक फरक आला, तर कोड उघडण्याआधी दिव्यासमोर नळी धरून बघा; बहुधा बाटलीकडच्या जोडाशी एक हवेचा बुडबुडा अडकलेला दिसेल.